वसईचा दुभाषी

परमुलखांत शिकवावयास निघालेल्या माणसाची खरी शिदोरी म्हणजे तेथील भाषा. वसईचा गोन्सालो गार्सिया पाहा. बाप पोर्तुगीज, आई इथलीच. सोळाव्या शतकांत, वयाच्या सुमारें पंधराव्या वर्षीं, तो जेसुइट पाद्र्यांबरोबर जपानांत गेला. जपानी भाषा त्यानें आत्मसात् केली आणि लोकांस तो धर्मशिक्षण देऊं लागला. तथापि त्या संघानें त्यास आपला मानलें नाहीं! कांहीं काळ व्यापार करून तो मनिलास गेला व तेथें फ्रान्सिस्कन झाला. १५९३ सालीं हिदेयोशीकडे वकिलात निघाली, तेव्हां दुभाषी म्हणून हाच उपयोगीं पडला. पुढें हिदेयोशीची मर्जी फिरली. ५ फेब्रुवारी १५९७ रोजीं नागासाकी येथें २५ सोबत्यांसह त्यास क्रुसावर ठार मारण्यांत आलें. १८६२ सालीं रोमनें त्यास संतपद दिलें.