सम हवेतले विषम पीक: परसातल्या टोमॅटोची पन्नास वर्षे

१९७२ साली दापोलीला कोकणासाठी स्वतंत्र कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी बंगळुरूच्या इंडो-अमेरिकन हायब्रीड सीड्सने ‘कर्नाटक’ हा संकरित टोमॅटो बाजारात आणला. त्यानंतरच्या अर्धशतकात घाटावर नारायणगाव, संगमनेर, पिंपळगाव बसवंत ही गावे टोमॅटोच्या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि कोकण आंबा-काजूच्या कलमांनी भरले. दोन्हीकडे शेतीचे रूप पालटले. कोकणातल्या आणि गोव्यातल्या परसातला टोमॅटो मात्र होता तिथेच राहिला. त्याच मातीत भेंडी, पडवळ, लाल माठ, अळू बिनबोभाट येतात. टोमॅटो जोमाने वाढतो, फुलतो, आणि फळे धरायच्या सुमारास एखाद्या दुपारी हिरवागार असतानाच माना टाकतो. खापर फुटते ते लावणाऱ्यावर: फवारणी केली नसेल, खत कमी पडले असेल. या पन्नास वर्षांतली माहिती एकत्र ठेवून पाहिली तर हा आरोप टिकत नाही. कोकणी परसाला बियाणे घाटावरचे मिळाले, वेळापत्रक घाटावरचे मिळाले आणि सल्लाही घाटावरचाच मिळाला. अपयशाचे मूळ तिथे आहे.

शाळेच्या भूगोलात कोकणचे हवामान ‘सम आणि दमट’ असते. ते माणसाला सौम्य वाटते, टोमॅटोला नाही. कॅलिफोर्नियात फ्रिट्स वेंट या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९४४ साली दाखवून दिले, की टोमॅटोची फळधारणा दिवसापेक्षा रात्रीच्या तापमानावर अवलंबून असते आणि साधारण १५ ते २० अंश सेल्सिअसच्या रात्री तिला सर्वांत मानवतात. रात्र त्याहून बरीच उबदार राहिली की परागकण नीट काम करीत नाहीत आणि फुले गळतात. रत्नागिरीत जानेवारीतले सरासरी किमान तापमान १८-१९ अंशांच्या आसपास असते, मे महिन्यात ते २६ अंशांपर्यंत चढते, आणि पावसाळ्यातल्या रात्रीही फारशा निवत नाहीत. दिवस-रात्रीतला फरक कमी असणे हीच समुद्राची देणगी, आणि टोमॅटोच्या दृष्टीने तीच अडचण. घाटावर खरीप, रब्बी आणि उन्हाळी अशा तिन्ही हंगामांत लागवड होते. किनाऱ्यावर तीन हजार मिलिमीटरच्या घरात जाणारा पाऊस खरीप बाद करतो आणि गरम रात्री उन्हाळा बाद करतात. उरतो एकच हंगाम: पाऊस सरल्यावर ऑक्टोबरात बी टाकायचे, नोव्हेंबरात रोपे लावायची आणि डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत फुले गाठायची. पाकिटावर छापलेला ‘वर्षभर लागवड’ हा शब्द इथे निरुपयोगी आहे.

दुसरा अडसर जमिनीखाली आहे. जांभ्या दगडाची तांबडी माती पावसाने धुपून आम्ल झालेली असते. तिच्यातला चुना वाहून गेलेला असतो. कॅल्शियम झाडाला पुरेसे न मिळाल्याने फळाच्या टोकाशी काळा चट्टा पडतो, त्यावर माती तपासून चुना घालणे आणि पाणी नियमित देणे हा उपाय आहे. पण उभे झाड माना टाकते, म्हणजे मर रोग होतो, ते बहुतेकदा राल्स्टोनिया सोलॅनेसीरम या जिवाणूमुळे. एर्विन स्मिथने १८९६ साली त्याचे पहिले शास्त्रीय वर्णन केले. उबदार, ओल्या मातीत तो फोफावतो, मुळांवाटे शिरतो आणि झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्या बुजवतो. ओळख सोपी: बुंध्याचा तुकडा कापून स्वच्छ पाण्याच्या ग्लासात धरला की काही मिनिटांत दुधाळ धागे खाली उतरताना दिसतात. एकदा झाड मरू लागले की कोणतेही औषध त्याला वाचवीत नाही. पानांवर मारलेली फवारणी मुळात बसलेल्या जिवाणूपर्यंत पोचतच नाही, त्यामुळे ‘फवारले नाही’ हा ठपका इथे गैरलागू ठरतो.

या जिवाणूला परसाइतके सोयीचे घर क्वचितच मिळत असेल. मोरीचे पाणी बारमाही मुरते, वाफे तेच, आणि त्यांत आलटून पालटून वांगी, मिरची, टोमॅटो. तिन्ही एकाच कुळातली, तिन्ही या रोगाची यजमान. जुनी वायंगणी शेती याच्या उलट होती. भात कापल्यावर त्याच खाचरात राहिलेल्या ओलीवर भाजीपाला आणि कडधान्ये घ्यायची. भाताच्या खाचरात महिनोन्महिने पाणी साचून राहते आणि त्या काळात जिवाणूला त्याच्या कुळातले झाड मिळत नाही. तो नाहीसा होत नाही, पण त्याचे प्रमाण घटते. भातानंतर भाजी हा क्रम या रोगावरचा उपाय म्हणून कोणी आखला नव्हता, तरी तो उपाय ठरला. भातशेती मागे पडली आणि भाजी दारापुढच्या चार वाफ्यांत आली तेव्हा हे संरक्षणही गेले.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, उकिरड्यावर आपोआप उगवलेला लहान, गोल, आंबट टोमॅटो कोकणातही फळांनी लगडतो; मग हवामानाला दोष कशाला? हा दाखला खरा आहे, आणि तो वरच्या मुद्द्यालाच बळ देतो. बारीक फळांच्या वाणांची फळधारणा उबदार रात्रीतही तुलनेने बरी होते, आणि उकिरड्याच्या नव्या खतमातीत जिवाणू रुजलेला नसण्याची शक्यता अधिक असते. म्हणजे तिथे वाणही सोयीचा आणि जमीनही नवी. दुसरा आक्षेप गच्चीवरच्या बागांचा: मुंबई-ठाण्यात कुंड्यांत आणि गोण्यांत टोमॅटो चांगले येतात. तेही खरे. कुंडी मातीचा प्रश्न सोडवते, पण दर वर्षी ताजी, निरोगी माती घातली तरच. रात्रीचा प्रश्न कुंडीने सुटत नाही. एप्रिलमधली गच्चीवरची फुले परसातल्या फुलांसारखीच गळतात.

मग मार्ग कोणता? तो वाणात आणि मुळात आहे, आणि बराचसा तयारही आहे. केरळचे हवामान आणि माती कोकणाच्या जवळची. तिथल्या कृषी विद्यापीठाने मर रोगाला तोंड देणारे ‘शक्ती’, ‘मुक्ती’, ‘अनघा’ हे सरळ वाण काढले. त्यांचे बी घरी धरता येते. बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने ‘अर्का आभा’, ‘अर्का आलोक’ आणि पुढे मर, पर्णगुच्छ व लवकर येणारा करपा या तिन्हींना प्रतिकारक असा संकरित ‘अर्का रक्षक’ दिला. हा प्रतिकार अभेद्य नाही. माती फार तापली किंवा जिवाणूची जात वेगळी असली तर तो ढासळतो. म्हणून तैवानच्या जागतिक भाजीपाला केंद्राने वांग्याच्या ‘ईजी २०३’ सारख्या खुंटावर टोमॅटोची काडी बांधण्याची पद्धत रूढ केली: मूळ वांग्याचे, शेंडा टोमॅटोचा. कलम कोकणाला नवे नाही. हापूस कलमावर वाढला, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूची कलमे घरोघर पोचवली. ज्या मुलखात कलमाची नजर पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिथल्या रोपवाटिकांत टोमॅटोचे कलम सहज मिळू नये, हे अर्धशतकातले ठळक अपुरेपण आहे.

राहता राहिला खर्चाचा आक्षेप: घाटावरून ट्रक भरभरून टोमॅटो येत असताना ही यातायात कशाला? पैशांच्या हिशेबात हा आक्षेप बरोबर आहे. २०२३ च्या मे महिन्यात शेतकऱ्यांनी भाव नाही म्हणून टोमॅटो फेकला आणि जुलैत तोच किलोला शंभरीपलीकडे गेला. पण जुलैत किनाऱ्यावरच्या परसात टोमॅटो नसतोच. आपले फळ फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, तेव्हा बाजारातही ते मुबलक असते. परसातला टोमॅटो महागाईवरचा तोडगा नाही. त्याची बाजू वेगळी आहे: तो झाडावर पिकलेला असतो आणि त्यावर काय मारले हे खाणाऱ्याला माहीत असते. लांब धाडायचा टोमॅटो रंग फुटतानाच तोडावा लागतो. एवढ्यासाठी चार झाडे लावावीत, दहा नव्हेत.

म्हणून यंदा बी घेताना पाकिटावरच्या चित्रापेक्षा मर रोगाचा उल्लेख आधी शोधावा, गेल्या तीन वर्षांत वांगी-मिरची झालेला वाफा टाळावा आणि दिवाळीच्या आगेमागे रोपे लावून टाकावीत. आणि जवळच्या रोपवाटिकेत वांग्याच्या खुंटावरचा टोमॅटो मागावा. मागणी झाल्याशिवाय ही रोपे कोणी बांधणार नाही.