रिकाम्या टाकीचा धोका

१ जूनला मासेमारीबंदी लागते आणि मिरकरवाडा, हर्णै, करंजा इथल्या ट्रॉलर दोन महिने किनाऱ्याला लागतात. तळ खरवडतात, फळ्यांच्या फटींत कापूस भरतात, रंग चढतो, इंजिन उघडलं जातं. डिझेलच्या टाकीकडे मात्र ती गळायला लागेपर्यंत कुणी वळत नाही.

गळती बहुधा बुडाला सुरू होते. अर्धवट भरलेल्या टाकीतली दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी होते. ते डिझेलपेक्षा जड, म्हणून खाली बसतं. पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे बुरशी व जिवाणू वाढतात, त्यांच्या आम्लाने पत्रा आतून झिजतो. बाहेरून टाकी टेकलेलं लाकूड खाऱ्या पाण्याने सतत भिजलेलं असतं, आणि तिथे हवा खेळत नाही. अमेरिकेतल्या जुन्या फायबर बोटींत अॅल्युमिनियमच्या टाक्या फोममध्ये गच्च बसवलेल्या असत. ओला फोम चिकटून राहिला की त्या गंजरोधक धातूलाही खड्डे पडत. म्हणून एक भोक दिसलं, तर आसपास अर्धवट खाल्लेल्या अनेक जागा असणारच. साबणाची वडी घासून किंवा एम-सील लावून बंदर गाठता येतं, पण त्यावर पुढचा हंगाम काढणं मला मुळीच मान्य नाही.

जीव जातो तो टाकी रिकामी केल्यावर. भरलेल्या टाकीत हवेला जागा थोडी. उपसलेल्या टाकीत वाफ आणि हवा दोन्ही असतात. ‘डिझेल पेटत नाही’ हा भरवसा वेल्डिंगच्या ज्योतीपुढे टिकत नाही, कारण पत्रा तापला की सांध्यांत चिकटलेल्या थराचीच वाफ होते. १७ जुलै १९९६ रोजी न्यूयॉर्कहून निघालेलं ट्रान्स वर्ल्ड एअरलाइन्सचं बोइंग ७४७ समुद्रावर फुटलं, २३० माणसं गेली. त्याची मधली टाकी जवळजवळ रिकामी होती; खालच्या वातानुकूलन यंत्रांनी ती तापवली आणि उरलेल्या इंधनाची वाफ स्फोटक झाली, असं तपासात निष्पन्न झालं. ते इंधन रॉकेलच्या जातीचं, डिझेलचं जवळचं भावंड. पेट्रोलवर चालणाऱ्या बोटीत तर थंड हवेतही वाफ उठते, हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचते, आणि हवेत दीडेक टक्का मिसळली तरी ठिणगी पुरते.

तेव्हा आधी बॅटरीच्या तारा सोडवायच्या, विडी-स्टोव्ह बोटीबाहेर, झाकणं उघडून खेळती हवा. डिझेल हातपंपाने पिंपात काढायचं. तळातलं तेलकट पाणी खाडीत सोडायचं नाही, वेगळ्या पिंपात भरून वापरलेलं तेल घेणाऱ्याकडे द्यायचं. नळ्यांवर खुणा करून त्या सोडवायच्या आणि टाकी अख्खी बाहेर काढायची. दारातून निघत नसेल तर वरच्या फळ्या काढाव्यात. फळी पुन्हा बसते. बोटीच्या पोटात ग्राइंडर किंवा गॅसकटर टाकीला लावू नये, कारागीर कितीही जुना असो.

नवी टाकी जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याची नको: जस्त डिझेलशी मिसळून फिल्टर चोंदवणारा साबणासारखा गाळ तयार करतं. ३१६ एल दर्जाचं स्टेनलेस स्टील महाग, पण चांगलं. इंधन हेलकावू नये म्हणून आत आडवे पत्रे हवेत आणि बुडाला पाणी काढायची सोय हवी. बसवण्याआधी फक्त ३ पीएसआय हवा भरून सांध्यांवर साबणाचा फेस लावावा. कॉम्प्रेसर थेट जोडला तर टाकी फुगते. टेकूंवर पाणी न शोषणाऱ्या निओप्रीनच्या पट्ट्या चिकटवाव्यात, चारी बाजूंनी बोटं फिरतील एवढी जागा ठेवावी. भरण्याच्या नळीचं धातूचं तोंड तारेने टाकीशी आणि अर्थिंगशी जोडावं, वाहत्या इंधनामुळे साचणाऱ्या स्थिर विजेची ठिणगी पडू नये म्हणून.

पहिल्यांदा एक तृतीयांशच भरा. रात्रभर थांबून तळ कोरड्या कपड्याने पुसून पाहा. कपड्याला डिझेलचा वास नसेल तरच टाकी पूर्ण भरा आणि तांडेलाला बोट न्यायला सांगा.