पाण्याचा विरोध आणि जलतरणपटूचा वेग

जलतरणपटूला शेजारच्या मार्गिकेतील प्रतिस्पर्ध्यापेक्षा पाण्याशीच अधिक झुंजावे लागते. पाण्याची घनता हवेच्या सुमारे ८०० पट आहे. धावपटूला फारसा न जाणवणारा माध्यमाचा विरोध पोहणाऱ्याचा वेग ठरवतो, तो यामुळेच.

या विरोधाचा हिशोब व्यापारी माणसाने लक्षात घ्यावा असा आहे. वेग दुप्पट केला, तर विरोध साधारणपणे चौपट होतो आणि लागणारी शक्ती आठपट. वेगात केवळ १० टक्के वाढ हवी असेल, तरी सुमारे ३३ टक्के अधिक शक्ती खर्चावी लागते. साहजिकच नुसते दंडातील बळ वाढवून फार पुढे जाता येत नाही. उत्पन्न वाढवणे अवघड असेल तेव्हा खर्चाला आळा घालावा, हे सूत्र येथेही लागू पडते.

हा विरोध तीन प्रकारचा असतो. पहिला शरीराच्या आकारामुळे होतो. डोके वर उचलले की कंबर व पाय खाली जातात, अधिक पाणी बाजूस सारावे लागते आणि मागे भोवरे उठतात. दुसरा त्वचेवरील घर्षणाचा. स्पर्धेपूर्वी अंगावरील केस काढण्याच्या प्रथेमागे हेही एक कारण आहे. तिसरा लाटांचा. पृष्ठभागावर पोहताना लाटा उठवण्यातच बरीच शक्ती खर्ची पडते. पाण्याखाली पुरेसे खोल गेल्यास हा विरोध घटतो. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये १०० मीटर बॅकस्ट्रोक शर्यतीत जपानचा डाइची सुझुकी व अमेरिकेचा डेव्हिड बर्कॉफ यांनी पहिल्या लांबीचा मोठा भाग पाण्याखालूनच कापला आणि अनुक्रमे सुवर्ण व रौप्य पटकावले. पुढे त्यावर मर्यादा आली. आज या प्रकारात १५ मीटरच्या आत डोके पृष्ठभागावर यावेच लागते.

पोशाखानेही विरोध कमी होतो. २००८ मध्ये आलेल्या स्पीडो कंपनीच्या ‘एलझेडआर रेसर’ने शरीर घट्ट आवळून त्याचा आकार सुबक केला. पाठोपाठ संपूर्ण पॉलियुरेथेनचे पोशाख आले. २००९ च्या रोम जागतिक स्पर्धेत ४३ विश्वविक्रम नोंदले गेले. तेथे २०० मीटर फ्रीस्टाइलमध्ये जर्मनीच्या पॉल बीडरमानने १ मिनिट ४२.०० सेकंदांत मायकेल फेल्प्सला मागे टाकले. श्रेय पोहणाऱ्याचे की पोशाखाचे, असा प्रश्न उभा राहिला. अखेर १ जानेवारी २०१० पासून आंतरराष्ट्रीय महासंघाने केवळ विणलेल्या कापडाच्या पोशाखांना मुभा ठेवली.

मुलांना जलतरणाच्या वर्गाला पाठवणाऱ्या पालकांनी यातून एवढे ध्यानी घ्यावे की महागड्या पोशाखाआधी शरीराची ठेवण सुधारावी. भिंतीला पायांनी रेटा देऊन, हात डोक्यापुढे ताणून, पाय न हलवता मूल किती अंतर सरकते ते मोजावे. मान खाली व शरीर सरळ ठेवून पुन्हा मोजावे. रेटा तोच असताना अंतर वाढले, तर तेवढा विरोध कमी झाला असे समजावे. आणि त्यासाठी एक रुपयाही खर्च झालेला नसतो.