‘अथक’ आणि ‘अविश्रांत’ : एक अर्थविचार

सतत कार्यरत असणाऱ्या व्यक्तीचा गौरव करताना ‘अथक’, ‘अश्रांत’ व ‘अविश्रांत’ ही विशेषणे समानार्थक समजून योजली जातात. त्यांची घडण पाहिली असता मात्र महत्त्वाचा भेद आढळतो.

‘श्रांत’ म्हणजे थकलेला, ‘विश्रांत’ म्हणजे विसावलेला. अर्थात ‘अश्रांत’ हा शब्द थकव्याचा अभाव सांगतो, तर ‘अविश्रांत’ हा विसाव्याचा. न विसावलेला मनुष्य थकलेला असणे सहज संभवते. त्यामुळे मूळ अर्थाने हे दोन शब्द एकमेकांपासून बरेच दूर आहेत. ‘काम न सोडणारा’ हा आशय दोहोंतून सूचित होत असल्याने रूढीने त्यांना एकत्र आणले.

‘अथक’ या शब्दाची जात निराळी आहे. ‘अढळ’, ‘अचूक’, ‘अबोल’ यांप्रमाणे येथे मराठी धातूला नकारवाचक ‘अ’ लागला आहे. असे शब्द क्षणिक अवस्थेपेक्षा स्वभाव दर्शवितात. अबोल म्हणजे त्या क्षणी न बोललेला नव्हे, तर स्वभावतः न बोलणारा. शिवाय ‘थक’ या धातूत थांबण्याचा भाव आहे. आश्चर्याने जागीच खिळणारा ‘थक्क’ होतो; वसूल व्हावयाची थांबून राहिलेली रक्कम ‘थकबाकी’ ठरते.

चरित्रलेखनात या भेदाचे महत्त्व किती, हे वर्धा जिल्ह्यातील एका उदाहरणावरून ध्यानात येईल. मार्च १९५१ मध्ये आचार्य विनोबा भावे शिवरामपल्ली येथील सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. १८ एप्रिल रोजी पोचमपल्ली येथे भूदानाचा उगम झाला. तेथून सुरू झालेले पदयात्रांचे पर्व एप्रिल १९६४ मध्ये ते पवनारला परतले तेव्हा संपले. या यात्रेला ‘अविश्रांत’ म्हणणे यथार्थ नाही. प्रत्येक दिवसाची चाल ठराविक मुक्कामी संपत असे. १९५२ च्या अखेरीस तर चांडिल येथे हिवतापामुळे दीर्घकाळ थांबावे लागले. तथापि प्रकृती सुधारताच यात्रा पुढे चालू झाली. म्हणून तिला ‘अथक’ हेच विशेषण शोभते.

‘अविश्रांत’ने विसावा नाकारला जातो, ‘अथक’मध्ये त्याला स्थान आहे, केवळ माघारीला नाही. हा विवेक सुटला, की गौरवाच्या भरात मुक्काम, आजार व पुन्हा उठून चालण्याचा निश्चय या साऱ्यांचा इतिहास पुसला जातो.