‘नो’ न म्हणता नाही

साहेबांकडे लवकर निघायची परवानगी मागायची आहे. आपण म्हणतो, ‘आज जरा लवकर निघू का?’ ‘निघू’पुढे ‘का’ लावला की काम झालं. इंग्रजी माणूस काय म्हणेल? ‘आय वॉज वंडरिंग इफ आय कुड लीव्ह अर्ली टुडे.’ जायचंय आज, विचारतोय आत्ता, आणि क्रियापदं बघा: ‘वॉज’, ‘कुड’. दोन्ही भूतकाळातली!

हा भूतकाळ काळ दाखवतच नाही, तो अंतर दाखवतो. थेट आत न शिरता उंबऱ्याबाहेर थांबून विचारावं, तसं हे वाक्य मागे सरकून उभं राहतं आणि समोरच्याला नकाराची मोकळीक देतं. आपल्याकडे तू, तुम्ही, आपण अशी सोय आहे. इंग्रजीतला एकेरी ‘दाऊ’ प्रमाण बोलण्यातून केव्हाच गेला. राजा असो की रंक, सगळ्यांना ‘यू’. मग अदब दाखवायला क्रियापदाचा काळही कामाला लागतो.

खरी गंमत उत्तरात आहे. ‘कुड आय यूज युअर फोन?’ याला ‘यस, यू कुड’ असा होकार मिळत नाही. मिळतो तो ‘यस, यू कॅन’ किंवा ‘शुअर, गो अहेड’. मागायचं भूतकाळात, द्यायचं मात्र रोखठोक वर्तमानात!

शाळेत ‘मे आय कम इन, टीचर?’ घोकलेल्यांना ‘कॅन’ने परवानगी मागणं उद्धटपणाचं वाटतं. पण या शब्दांची कुळकथा काढा. ‘कॅन’ म्हणजे मुळात जाणणं. ‘मे’ म्हणजे अंगात बळ असणं. म्हणजे ‘मे’सुद्धा आधी ‘शकतो’च होता, तिथून तो परवानगीवर आला. ‘कॅन’ त्याच वाटेने मागून आला, इतकंच. आणि ‘मस्ट’? तो ज्या जुन्या क्रियापदाचं भूतकाळी रूप आहे, त्याचा अर्थ होता ‘मुभा असणं’. मुभेची झाली सक्ती!

आता नकार. ‘नो, यू कान्ट’ हे मोठ्या माणसाच्या तोंडावर सहसा कोणी फेकत नाही. आधी क्षणभर शांतता. मग लांबवलेलं ‘वेल...’. मग ‘आय अ‍ॅम अफ्रेड’, आणि शेवटी कारण: ‘द क्लायंट्स आर कमिंग अ‍ॅट फाइव्ह.’ एवढ्या लांबलचक नकारात ‘नो’ सापडतोय का बघा!

यातली शांतता तर चक्क मोजता येते. टान्या स्टिव्हर्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये 10 भाषांतल्या गप्पा तपासल्या. हो-नाहीच्या प्रश्नानंतर उत्तर यायला सरासरी 200 मिलिसेकंदांच्या आसपास वेळ लागत होता, म्हणजे सेकंदाचा जेमतेम पाचवा हिस्सा. इंग्रजी फोनसंभाषणांवरच्या 2015च्या अभ्यासात दिसलं की शांतता साधारण 700 मिलिसेकंदांपलीकडे गेली, की होकारापेक्षा नकार येण्याचीच शक्यता जास्त. म्हणजे शब्द फुटण्याआधीच कान नकार ओळखू शकतो! नवशिक्याची पंचाईत इथेच होते. तो बिचारा मनात वाक्य जुळवत सेकंदभर थांबतो आणि मनापासून ‘यस’ म्हणतो; समोरच्याला वाटतं, हा नाखुशीनेच हो म्हणतोय. म्हणून माझ्या मते व्याकरणाच्या आधी ‘शुअर!’ झटकन म्हणायची सवय लावावी.

हा ‘शुअर’ एके ठिकाणी तर्कालाही भारी पडतो. ‘डू यू माइंड इफ आय सिट हिअर?’ म्हणजे बसलो तर हरकत आहे का? हरकत नसेल तर उत्तर हवं ‘नो’. पण इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे तेसुद्धा सर्रास ‘यस, शुअर!’ म्हणतात आणि खुर्चीवरची बॅग उचलून घेतात. तर्काने हा नकार झाला. तुम्ही खुशाल बसा.