सातपुड्यांतले खडे आणि परवान्याचा प्रश्न

सुटींत खानदेशांत आलेली पाहुणेमंडळी मनुदेवी, उनपदेव, पाटणादेवी येथें जाऊन येते, आणि परततांना मुलांच्या खिशांत पांच-दहा रंगीत खडे असतातच. आमचा काळा खडक दिसावयास ओबडधोबड खरा. पण त्याच्या पोकळ्यांतून अकीक, जास्पर, गारगोटी निघते. जळगांव-सावदा भागांतील खाणींतले स्टिल्बाइट व अॅपोफिलाइटचे स्फटिक तर परदेशांतील संग्राहकांच्या कपाटांत मानानें बसले आहेत. तेव्हां मुलांचा हा छंद आम्हांस कौतुकाचाच वाटतो.

मात्र जंगलांतला दगड म्हणजे बेवारशी वस्तु, ही समजूत चुकीची आहे. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमानें लाख, मध, मोहाचीं फुलें यांच्याच पंक्तीस वनांतील खडक व खनिजें बसविलीं असून, राखीव वनांतून तीं लेखी परवानगीवांचून गोळा करणें हा अपराध आहे. यावल, अनेर, गौताळा या अभयारण्यांत तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागू. तेथें प्रवेशाची पावती मिळते ती पाहण्यापुरती, वेंचण्यापुरती नव्हे. फार काय, २००६ च्या वनहक्क कायद्यानें पावरा, तडवी इत्यादि बांधवांस जें गौण वनोपज दिलें, तेंही वनस्पतिजन्यच. दगड त्यांत नाहीं.

२०१५ च्या फेब्रुवारींत केंद्र सरकारनें ३१ खनिजें 'गौण' ठरविलीं. त्यांत अकीक, जास्पर व गार हीं आलीं, आणि त्यांचे नियम करण्याचा अधिकार राज्याकडे गेला. आमच्या मतें येथेंच संधि होती. राज्याच्या नियमांत खाणपट्टे आहेत, ठेके आहेत. भिंग घेऊन हिंडणारा विद्यार्थी मात्र कोठेंच नाहीं. दगडांनीं भरलेला ट्रक आणि मुलाचा खिसा यांस एकाच तराजूंत घालणें हा न्याय नव्हे. ऑस्ट्रेलियांतील क्वीन्सलंड प्रांतानें १९९४ मध्यें या छंदासाठीं स्वतंत्र कायदा केला. तेथें एका कुटुंबास किंवा शाळेस मिळून एक परवाना मिळतो आणि खणावयाचें तें हातच्या हत्यारांनींच.

असा परवाना येथेंही असावा. सुटे खडे, मोजके, हातोडा न चालवितां. परंतु सरसकट मोकळीक आम्ही मागणार नाहीं. चाळीसगांव तालुक्यांतील पाटणें येथें, जेथें भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे त्याच परिसरांत, एस. ए. साळी यांस उत्खननांत अश्मयुगीन हत्यारें व शहामृगाच्या अंड्याच्या कवचावरील नक्षी सांपडली. काळ सुमारें २५,००० वर्षांपूर्वींचा. मुलास जो चकचकीत कपचा वाटतो, तो एखाद्या आदिमानवाचा चाकू असूं शकतो, आणि जागेवरून हलविला कीं त्याची निम्मी साक्ष बुडाली! अशीं स्थळें परवान्याबाहेरच ठेवलीं पाहिजेत.

तोंवर छंद कोठें पुरवावा? स्वतःच्या शेतांतील नव्या विहिरीच्या मलब्याजवळ, अथवा मालकास विचारून खासगी खाणीच्या टाकाऊ ढिगाजवळ. झिओलाइटाचे शुभ्र झुबके तेथें वनांतल्यापेक्षां अधिक मिळतात, कारण ते ताज्या फोडलेल्या खडकांत असतात. खडा घरीं आणल्यावर कागदाच्या चिठ्ठीवर गांव, तारीख व कितव्या हातावर सांपडला तें लिहावें. चिठ्ठी नसलेला खडा शाळेच्या संग्रहासही फारसा उपयोगीं पडत नाहीं.