विशेष मुलांच्या वर्गात खेळ हाच पाठ

बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता किंवा सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांच्या वर्गात दिवसभर खेळ चाललेला दिसतो. ‘मूल शाळेत नुसते खेळते’ अशी काही पालकांची तक्रारही असते. प्रत्यक्षात येथील प्रत्येक खेळामागे निश्चित उद्दिष्ट असते.

दिवसाची सुरुवात चित्रांच्या वेळापत्रकाने होते. पुढे काय होणार हे आधीच कळल्याने, अचानक बदलामुळे अस्वस्थ होणाऱ्या स्वमग्न मुलांना धीर मिळतो. त्यानंतर मुले गोलाकार बसून एकमेकांकडे चेंडू देतात. आपली पाळी येईपर्यंत थांबणे, हा त्यातला धडा असतो. कणकेचे गोळे करणे, मणी ओवणे यांतून बोटांना बळ येते. हीच बोटे पुढे शर्टाचे बटण लावतात, पेन्सिल धरतात. दुपारी लुटुपुटीच्या दुकानात नाणी मोजून खरेदी होते. बोलू न शकणारे मूल चित्र दाखवून वस्तू मागते.

प्रत्येक मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा असतो. कोणती कृती मदतीने जमली आणि कोणती मदतीविना, याची नोंद शिक्षक ठेवतात.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलांना पसंतीच्या परिसरातील शाळेत अथवा विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. मात्र शाळेत आलेले कौशल्य घरी वापरले गेले नाही, तर ते मागे पडण्याची शक्यता असते. त्यामुळे आजचा खेळ कोणता आणि कशासाठी होता, हे पालकांनी शिक्षकांकडून जाणून घेणे आवश्यक ठरते.